अंधार पडायच्या आत खोली लावा

माझं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड आहे. ग्रिल, गेट, गोठ्याचे पत्रे, हेच काम. 25 एप्रिल 2015 ला नेपाळात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच वर्षी दिवाळी उरकून मी गोरखा जिल्ह्यातल्या एका डोंगरावरच्या गावात शाळेची तात्पुरती शेड उभी करायला गेलो. सात आठवडे, बिनपगारी. कागदावर 'निवासाची सोय आहे' असं लिहिलेलं. सोय म्हणजे बांबूच्या कमानीवर वाकवलेले पत्रे, पुढंमागं ताडपत्री आणि खाली ओली माती. जन्मभर दुसऱ्यांची छपरं घातलेला माणूस मी, पण त्या पहिल्या रात्री कूस बदलत बसलो. हल्ली कुणी पोरगं-पोरगी असं बाहेरदेशी सेवेला निघालं की शेडवर चहाला येतं, आणि मी तेच तेच सांगतो. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

जायच्या आधी फोनवर 'राहायचं काय?' एवढंच विचारू नका. त्यावर 'सगळं आहे' हेच उत्तर येतं. पाणी किती पायऱ्या खाली, संडास कुणाकुणात, दाराला आतून कडी आहे का, रात्री खाली काय असतं, माती का फरशी, हे विचारा. पोरींनी तर कडीचं आणि रात्री संडासला जायच्या वाटेचं ठणकावून विचारावं, त्यात लाजायचं काय. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. पत्र्याची धार कुणाची ओळख ठेवत नाही.

पोचलात की चहा, ओळखी, फोटो सगळं नंतर. आधी जमीन. थंडी वरनं येते असं आपल्याला वाटतं, पण झोपलेल्या माणसाला ती खालनं धरते. मी पहिल्या रात्री चटईवर घोंगडं टाकून पडलो आणि पहाटे घोंगड्याची खालची बाजू पिळावी इतकी दमट. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आमांनी, आमा म्हणजे तिथं आई, न विचारता भाताच्या काडाचे दोन भारे आणून टाकले. ते त्याला पराल म्हणतात, आपण पिंजर. मग रीत बसली: तळाला प्लास्टिकचा कागद, त्यावर वीतभर पिंजर दाबून, त्यावर उसवलेली पोती, वर घोंगडं. पट्टणकोडोलीच्या यात्रेत घेतलेलं घोंगडं होतं, तेवढं एक सामान मी शहाणपणानं नेलेलं. आठवड्याला पिंजर उन्हात काढायचं, नाहीतर पिसवा मुक्कामाला येतात.

आता छप्पर. पत्र्याखाली पहाटे तोंडावर थेंब पडायला लागले की माणूस गळती शोधत बसतो. गळती नसतेच. आपल्याच श्वासाची वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते. जितकी फट बुजवाल तितकं जास्त टपकेल. वरच्या अंगाला दोन्ही टोकांना हातभर जागा मोकळी सोडा, आणि पत्र्याच्या खाली चार बोटं अंतर ठेवून जुनी चादर नाहीतर बांबूची चटई ताणून बांधा. थेंब त्यात जिरतात. माझं लुंगीवर भागलं.

ताडपत्रीचं मात्र मला कळत नव्हतं, हे कबूल करतो. ती विद्या आमच्याकडं ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांकडं. त्यांच्या खोपी पाच-सहा महिने शिवारात वाऱ्यावर उभ्या असतात. निघायच्या आधी कागलकडच्या एका फडावर जाऊन मी बघून आलो होतो. ताडपत्रीच्या पितळी कड्यांना दोरी बांधली की पहिल्या जोराच्या वाऱ्याला कडं फाटून हातात येतं. त्यापेक्षा कडेपासून वीतभर आत लिंबाएवढा गुळगुळीत दगड ताडपत्रीत धरायचा, बाहेरनं मुंडी आवळावी तशी त्याच्या मानेला दोरी आवळायची आणि ती दोरी खुंटीला. ताण दगडावर येतो, कापडावर नाही. सात आठवड्यांत माझी एक गाठ सुटली नाही. तिथल्या एका दाइंनी, दाइ म्हणजे थोरला भाऊ, ती बघून गावभर केली, तेवढीच आपल्याकडची देणगी.

भोवतीनं चर खणायची ती डोंगराकडच्या बाजूला, विळ्याच्या आकाराची, म्हणजे पाणी येतानाच बाजूला वळतं. उताराच्या बाजूला खणून उपयोग नाही, तिकडनं पाणी जाणारच असतं.

दोन गोष्टींत धाडस करू नका. एक वीज. लोखंडी खोलीत वायर सोललेली असली तर अख्खी खोली जिवंत होते. टेस्टर खिशात ठेवा, वायर पत्र्याच्या भोकातनं ओढलेली दिसली तर तिथं रबरी नळीचा तुकडा घाला. दुसरी शेगडी. त्या हिवाळ्यात सीमेवरची वाहतूक अडल्यामुळं गॅस, पेट्रोल मिळेना, सगळं लाकडावर. मडक्यातले निखारे, त्याला तिथं मकल म्हणतात, रात्री आत घेऊन झोपायचा मोह होतो. निखाऱ्याचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, झोपलेला माणूस उठत नाही. शेकून झालं की मकल बाहेर. त्यापेक्षा बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला, पायाशी घ्या.

पाणी खळखळून उकळा, आणि उंचावर असाल तर उकळी आल्यावर तीन मिनिटं धरा. सरपण नसेल तर क्लोरिनचे थेंब, बाटलीवर लिहिलेत तेवढेच, आणि अर्धा तास थांबून प्या. पोट बिघडलंच तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा. मला तिसऱ्या आठवड्यात हेच प्यावं लागलं.

झोपताना बॅटरी उशाशी, बूट हाताशी, दार बाहेर उघडणारं आणि वाटेत काही नको. मोठ्या भूकंपानंतर धक्के महिनोन्‌महिने येत राहतात. पत्र्याची खोली अंगावर पडून मरण येत नाही, पण काळोखात अनवाणी धावताना तुटक्या काचेवर पाय पडतो. दगड-मातीच्या तडकलेल्या भिंतीला मात्र टेकून खोली बांधू देऊ नका, कोण कितीही म्हणू दे.

जेवणाचं फार नखरं नको. दोन वेळा डाळभात. कधी ढिँडो, म्हणजे मक्याच्या नाहीतर कोदोच्या पिठाची घट्ट उकड. कोदो म्हणजे तिथं आपली नाचणी, हे कळलं तेव्हा मला घर सापडल्यागत झालं. मंडळींनी दिलेली कांदा-लसूण चटणी काचेच्या बरणीत नेलेली, ती सीमेवरच्या सोनौलीपर्यंतच फुटली आणि चार शर्ट लाल. प्लास्टिकच्या डब्यात न्या, वर तेलाचा थर द्या. पैशांचं सांगायचं तर आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हे गणित ठरलेलं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा. पाट्या देवनागरीत, त्यामुळं 'चर्पी' वाचता आलं की संडास सापडला.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी माणूस चिडतो. कपडे वाळत नाहीत, एकांत नाही, शेजारचा घोरतो. मी एका संध्याकाळी 'ह्या खुराड्यात राहायचं कसं' म्हणून मोठ्यानं बोललो. मराठीत बोललो तरी आमांना सूर कळला. त्यांची खोली माझ्यापेक्षा लहान, आत पाच माणसं आणि दोन करडं. त्या काही बोलल्या नाहीत, 'भात खानु भयो?', म्हणजे जेवलात का, एवढं विचारून आत गेल्या. त्या दिवसापासून कुरकुर करायची असेल तर मी ओढ्यापर्यंत चालत जायचो, आणि येताना त्यांची घागर भरून आणायचो.

परत येताना बादली, दोरी, बॅटरी, ताडपत्री काही उचलून आणू नका. मी फक्त घोंगडं आणलं. आमांनी माझी ताडपत्री मी बसमध्ये चढायच्या आधीच करडांवर घातली होती. एका कोपऱ्याला दगडाची गाठ, बाकी तीन कोपरे तसेच कड्यांना बांधलेले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी मी खाली उतरून उरलेल्या तीन गाठी मारल्या.