कोकोपीटमधली रंगीत ढोबळी: या चुका टाळा

मातीतली ढोबळी मिरची दोन-चार दिवसांची हयगय पोटात घालते. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) स्लॅबमध्ये, म्हणजे लांबट पिशवीत, एका झाडाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा लिटर माध्यम येतं. तिथे सकाळी चुकलेली पाण्याची पाळी दुपारी शेंड्यावर दिसते. तरी अनेक पॉलिहाऊसमध्ये पाण्याचं वेळापत्रक मातीचंच चालू असतं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

फळाला चट्टा दिसला की बुरशीनाशक

फळाच्या टोकाशी किंवा बाजूला दबलेला, कागदासारखा सुकलेला तपकिरी चट्टा पडतो. काळी बुरशी त्यावर नंतर चढते; मूळ दुखणं फळाला कॅल्शियम कमी पडण्याचं आहे. पण म्हणून लगेच टाकीत कॅल्शियम नायट्रेट वाढवू नका. बहुतेक वेळा ते टाकीत पुरेसं असतं, फळापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि कडक उन्हात पाणी पानं ओढून घेतात. त्यात ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) चढलेला असेल तर मुळांनाही पाणी उचलणं जड जातं. पालाश किंवा अमोनियम जास्त झालं तरी हेच होतं.

उपाय पाळ्यांमध्ये आहे. सूर्य उगवल्यावर दीड-दोन तासांनी पहिली पाळी, मावळण्याआधी दोन-तीन तास शेवटची, मधल्या वेळेत थोडं थोडं आणि वारंवार. ढगाळ दिवशी पाळ्या कमी करा. टायमर लावून विसरणारे इथेच फसतात.

निचऱ्याचं पाणी न मोजणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एका स्लॅबखाली ट्रे ठेवा आणि रोज तीन गोष्टी लिहा: किती पाणी निचरलं, त्याचा ईसी, त्याचा पीएच. दिलेल्या पाण्याच्या 20 ते 30 टक्के निचरा हवा. ड्रिपरचा ईसी 2 आणि निचऱ्याचा साडेतीन-चार असेल, तर क्षार साठतायत. अशा वेळी दिवसभर साधं पाणी सोडू नका, त्या झटक्याने फळं तडकू शकतात. तेच खत दीडच्या आसपास ईसीने, जास्त पाळ्यांत द्या.

निचराच होत नसेल तर स्लॅबच्या चिरा बघा. त्या अगदी तळाशी, उताराच्या बाजूला हव्यात.

कोकोपीट नुसतं धुणं

धुतल्याने सुटे क्षार जातात. काथ्याला चिकटलेलं सोडियम आणि पोटॅशियम जात नाही. ते पुढे तुमचं कॅल्शियम अडवून स्वतः पाण्यात उतरतं. बफर केलेलं, म्हणजे आधीच कॅल्शियमने हे क्षार काढलेलं कोकोपीट घ्या, नाहीतर कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून मग धुवा.

बोअरचं पाणी न तपासणं

आपल्याकडच्या बोअरला बायकार्बोनेट भरपूर, ते पीएच चढवतं. पीएच साडेपाच ते सव्वासहामध्ये हवा, तो सातवर गेला की शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. मग लोक लोह ओततात. लोह टाकीत असतंच, झाडाला घेता येत नाही. आधी पाण्याचा अहवाल, त्यानुसार आम्ल. आम्ल पाण्यात घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. पीएच मीटरही वेळोवेळी 4 आणि 7 पीएचच्या बफर द्रावणाने तपासा.

कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत, सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्या टाकीत, हे सगळ्यांना माहीत असतं; तरी टाकी रिकामी नाही म्हणून एकत्र ओतलं जातं. तळाशी पांढरा गाळ बसतो आणि ड्रिपर चोंदतात.

पहिल्या फळाचा मोह

पहिल्या फाट्यावरचं फूल काढून टाका. ते ठेवलं तर झाडाची वाढ तिथेच अडते आणि वरची फुलं गळतात. फुलगळ उन्हाळ्यातली असेल, तर आधी आतलं तापमान बघा. 35 अंशांवर गेलं की टॉनिकचा उपयोग नाही. शेडनेट ओढा, फॉगर छोट्या छोट्या पाळ्यांत चालवा.

फुलकिडे आणि कोळीसाठी फवारणीचा खर्च वाढतोय? तोडणीच्या दिवशी दारात उभं राहून बघा. क्रेट बाहेर काढायला सोपं म्हणून आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही दारं बहुधा एकदमच उघडी असतात, आणि कीड तिथूनच आत येते.