कौन्सिलची नोटीस आली? मालकाने एफडीएला काय लिहून दिलंय ते आधी बघा

फार्मसी ॲक्ट १९४८ मधलं कलम ३६, म्हणजे फार्मासिस्टचं नाव नोंदवहीतून काढायचं कलम, आपण दुकानात नोकरी करणारे फार्मासिस्ट सगळेच परीक्षेपुरतं पाठ करतो. 'इन्फेमस कंडक्ट' (व्यवसायातलं लांच्छनास्पद वर्तन) लिहिलं की मार्क मिळतात. स्वतःच्या नावाचं कौन्सिलचं पाकीट घरी येतं तेव्हा त्यातलं काहीच आठवत नाही. पाकीट आलं म्हणजे नोंदणी गेली असं मात्र नाही, त्यामुळे आधी रात्रीची झोप घ्या.

औषध दुकानाच्या एका तपासणीतून दोन प्रकरणं निघतात, आणि नव्या मुलांना हेच कोणी सांगत नाही. एक दुकानाचं. एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, मालकाला 'कारणे दाखवा' नोटीस देते, आणि औषध नियमांतल्या नियम ६६ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. दुसरं तुमचं. तपासणीचा अहवाल मुलुंडला, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे गेला की कलम ३६ खाली तुमच्या नोंदणीवर चौकशी लागते. या दोन्हींच्या मध्ये बरेच महिने जाऊ शकतात.

सापळा आहे तो या महिन्यांत. मालक आपलं उत्तर आधीच देऊन बसलेला असतो. ते लिहितो त्याचा कन्सल्टंट, आणि परवाना वाचवायला त्याच्याकडे एक हमखास वाक्य असतं: 'फार्मासिस्ट पूर्वसूचना न देता गैरहजर होते.' हा कागद तुम्हाला कोणी दाखवत नाही. माझी रजा मालकाने तोंडी मंजूर केली होती. मी कौन्सिलला तसं खरंखरं लिहिलं, आणि सुनावणीत समोर आलं ते त्याचं पत्र, माझ्या उत्तराच्या कितीतरी आधीच्या तारखेचं. एकाच दिवसाच्या दोन हकिगती फाइलमध्ये असल्या की शंका धाकट्यावर येते. मालकाला वाईट म्हणत नाही, तो दुकान वाचवत होता. पण दुकानाचा वकील किंवा कन्सल्टंट तुमचा नसतो, हे पहिल्या पगाराआधी समजून घ्या.

म्हणून तपासणी झाली की फॉर्म ३५ च्या तपासणी वहीतल्या शेऱ्याचा फोटो त्याच दिवशी काढा. मालकाच्या उत्तराची प्रत मागा, आणि टाळाटाळ झाली तर तुमचं उत्तर देण्याआधी कौन्सिलकडे फाइलमधल्या कागदांच्या प्रती लेखी मागा. रजा व्हॉट्सॲपवर का होईना, लिहूनच घ्या. त्यात 'मी नसताना चिठ्ठीवरची औषधं देऊ नयेत' हेही असू द्या. नोकरी सोडलीत तर राजीनाम्याची प्रत एफडीए कार्यालयात देऊन पोच घ्या. नाहीतर दुकान त्यांचं आणि परवान्यावर नाव तुमचं, असं चालूच राहतं. पत्ता बदलला असेल तर कौन्सिलला कळवा, कारण नोटीस नोंदवहीतल्या पत्त्यावर जाते.

घरबसल्या महिन्याचे पैसे घेऊन कुठेतरी 'सर्टिफिकेट लावलेल्यांनी' माझ्याकडून धीराची अपेक्षा ठेवू नये. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये ते सरळ गैरवर्तन आहे, आणि तिथे बचावाला काही उरत नाही. संघटनेतले 'मी साहेबांशी बोलतो' म्हणणारे काकाही मला नकोत. माझं चार पानी रडगाणं एका निवृत्त हॉस्पिटल फार्मासिस्ट मॅडमनी एका पानावर आणलं, आणि माझ्या उपयोगी पडलं ते तेच पान.

प्रत्यक्ष सुनावणी वाटते तेवढी भयंकर नसते. कौन्सिलवर नोंदणीकृत फार्मासिस्टांनी निवडून दिलेले सभासद असतात. जेवायला गेलं की काउंटर कोणाच्या हाती राहतो हे त्यांना शिकवावं लागत नाही, आणि म्हणूनच 'सगळीकडे असंच चालतं' हे उत्तर त्यांच्यापुढे देऊ नका. प्रश्न साधे असतात. त्या वेळेची बिलं कोणी केली? एच१ च्या, म्हणजे ज्या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते त्यांच्या, नोंदी कोणाच्या अक्षरात आहेत? आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. एच१ चं रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं, त्यामुळे थाप मारलीत तर ती पकडायला पुरावा दुकानातच आहे.

निर्णय विरोधात गेला तर मुदतींचा घोळ करू नका. नाव काढायचा आदेश कौन्सिलची कार्यकारी समिती देते, त्यावर पूर्ण कौन्सिलची मान्यता लागते, आणि मान्यतेपासून तीन महिने तो लागू होत नाही. पण राज्य सरकारकडे अपील करायला, मान्यता तुम्हाला कळवल्यापासून, ३० दिवसच मिळतात. दुकानाच्या परवान्याच्या अपिलाला मात्र तीन महिने असतात. मालक 'अजून वेळ आहे' म्हणतो तेव्हा तो त्याच्या मुदतीबद्दल बोलत असतो. कलम ३७ खाली काढलेलं नाव नोंदवहीत पुन्हा लागू शकतं. मात्र अपील फेटाळलं गेलं असेल तर त्यालाही सरकारची मान्यता लागते, म्हणून अपिलाचा मसुदा घाईत कोणाकडूनही लिहून घेऊ नका.