हाँगकाँगवरचा बहिष्कार वर्गात कसा शिकवायचा

मी खानापूर भागात नववी-दहावीला इतिहास शिकवतो. १९२५-२६ चा कँटन-हाँगकाँग बहिष्कार, म्हणजे दक्षिण चीनमधल्या कँटन शहरानं (आजचं ग्वांगझू) ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हाँगकाँगवर घातलेला, पोरांना समजवायचा असेल तर आधी नकाशा काढू नका, आधी बंदबद्दल विचारा. बेळगावात बंद असला की खडेबाजारात कुठलं शटर अर्धं वर असतं, दूधवाल्याला कोण सोडतं, सगळं पोरं भडाभडा सांगतात. मग म्हणायचं, असाच बंद, पण सोळा महिने.

घटना थोडक्यात सांगा. ३० मे १९२५ ला शांघायमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमावरून पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, २३ जूनला कँटनमध्ये मोर्चावर पुन्हा, तिथं पन्नासहून जास्त माणसं गेली. या रागातून हाँगकाँगच्या चिनी कामगारांचा संप पेटला आणि कँटननं हाँगकाँगशी व्यापार तोडला. शांघायच्या त्या पोलिसांत शीख शिपाईसुद्धा होते, हे गाळू नका. वर्ग गप्प होतो, होऊ दे, मला तर हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता दोन खुर्च्या मांडा, एक हाँगकाँगच्या गव्हर्नरची, एक कँटन सरकारची, आणि तिसरी दाराबाहेर, संप कमिटीची. माल अडवणारे पहारेकरी तिचेच. सरकार म्हणायचं भांडण संपवाल्यांचं आहे आम्ही फक्त मध्यस्थ, आणि ब्रिटिशांना बोलायचं होतं सरकारशीच, म्हणजे नुसतं कुणाला भेटायचं यावरच गाडी अडली. सोयरिकीत आधी कोण कुणाच्या दारात गेलं यावरून किती रामायण होतं ते पोरांना घरूनच माहीत असतं, तोच दाखला द्या.

नवे गव्हर्नर सेसिल क्लेमेंटी आले १ नोव्हेंबर १९२५ ला, आपल्याकडं काळ्या दिवसाची तारीख म्हणून पोरं विसरत नाहीत. त्यांना कँटनी भाषा यायची, तरी १९२६ च्या जुलैमधली बोलणी फिसकटलीच. कँटनचं सैन्य उत्तर चीनमधल्या लष्करी सरदारांवर मोहिमेला निघालेलं, तेव्हा १० ऑक्टोबर १९२६ ला बहिष्कार कँटननं स्वतःच उठवला आणि आयात मालावर अडीच टक्के जादा कर लावला, तो ब्रिटिशांनी चालू दिला.

क्लेमेंटी कँटनला सरकारी भेटीवर गेले ते थेट १९२८ मध्ये. इथं थांबा, गव्हर्नर झालेल्या पोराला उठवून समोरच्या खुर्चीपर्यंत चालत जायला सांगा, आणि बाकीच्यांना विचारा, तिसरी खुर्ची आता कुठं आहे?