करिअरमध्ये गॅप आहे? निदान या चुका तरी करू नका

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्याचे अकाउंट्स मी बघते. माणूस घ्यायचा असला की अर्जांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर येतो. मुलं जरा मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बायका त्यात बऱ्याच असतात, आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्याच असतात. पण त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय. दर इंटरव्ह्यूत तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

गॅप झाकायला खोटं एक्स्पिरियन्स लेटर

सगळ्यांत वाईट ही, आणि हा सल्ला देणारं बहुधा घरचंच कुणीतरी असतं. "मामाची फर्म आहेच की, लेटरहेडवर चार ओळी लिहून घे. कोण बघतंय?"

बघतात ना. पगार खरंच मिळत असेल तर त्याची खूण कुठेतरी असते: पीएफच्या पासबुकात, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये, 26 एएसमध्ये (आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सचा उतारा). आणि तिथपर्यंत जायची वेळही सहसा येत नाही.

एक बाई आल्या होत्या. बी.कॉम., लग्नाआधी सीएच्या ऑफिसात काम केलेलं. मधली सगळी वर्षं एका ट्रेडिंग फर्मच्या पत्राने भरलेली, त्यात 'जीएसटी रिटर्न्सचे संपूर्ण काम' असंही लिहिलेलं. मी नेहमीप्रमाणे टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडून दिलं आणि थोडी बिलं पुढ्यात ठेवली. हात छान चालला. एफ 9 ने परचेस, एफ 5 ने पेमेंट, एफ 4 ने काँट्रा, कीबोर्डकडे बघायचीही गरज नाही. मग बेळगावच्या सप्लायरचं बिल आलं, जीएसटी नंबर 29 ने, म्हणजे कर्नाटकच्या कोडने, सुरू होणारा. परराज्यातल्या मालाला आयजीएसटी लागतो, राज्यातल्या मालाला सीजीएसटी आणि एसजीएसटी. बिलावर आयजीएसटी 18 टक्के छापलेलं असताना बाईंनी 9 टक्के सीजीएसटी आणि 9 टक्के एसजीएसटी टाकून एंटर मारला. (बेळगावसाठी आपण कितीही भांडलो तरी जीएसटीच्या दप्तरी ते 29 आणि आपण 27.) मी विचारलं, "हे टू-बीला कसं जुळणार?" त्यांनी मलाच विचारलं, "टू-बी म्हणजे?"

जीएसटीआर-2बी 2020 पासून आहे. सप्लायरने आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली ते त्यात दिसतं, आणि इनपुट क्रेडिट घ्यायचं तर आपलं बुक त्याच्याशी जुळवावं लागतं. जो खरंच रिटर्न्स भरतो त्याचा अर्धा महिना त्यातच जातो. मी ते पत्र त्यांच्यापुढे सरकवलं, आणि मग सगळं बाहेर आलं. फर्म मामांची, बाई घरीच होत्या.

चीड आली ती याची की बाईंचा हात चांगला होता. "मी इतकी वर्षं घरी होते, जीएसटी मला नवीन आहे," एवढं म्हणाल्या असत्या तर मी घेतलं असतं. आयजीएसटी महिन्याभरात शिकवता येतो. पण पहिलाच कागद खोटा देणाऱ्याच्या हातात बँकेचं काम कसं देणार?

रेझ्युमेत एक ओळ पुरते: '2014 ते 2023, मुलांच्या संगोपनासाठी नोकरी थांबवली.' संपलं. 'घराची सीईओ', 'होम मॅनेजमेंटचा दांडगा अनुभव' असलं काही लिहू नका. कुणाला ते गोड वाटत असेल, मी तो अर्ज खाली सरकवते.

'सात दिवसांत जीएसटी एक्सपर्ट'

2017 च्या आधी काम सोडलेलं असेल तर तुमचा व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी मालाच्या वाहतुकीसाठी ई-वे बिल आलं, 2020 मध्ये टॅली ईआरपी 9 चं टॅली प्राइम झालं. एवढं सगळं आठवड्यात शिकवतो म्हणणाऱ्या क्लासचं सर्टिफिकेट मी उघडूनही बघत नाही. सगळ्यांनाच घाई असते. आठ-नऊ वर्षं थांबलात, आता दोन महिने थांबायला काय हरकत आहे?

माझा उपाय साधा आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून किंवा हार्डवेअरवाल्याकडून एका महिन्याची बिलं मागून आणा. टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेलाच नोंदी घेता येतात. घ्या तशाच, सरावाला तारखेचं काय एवढं? बँक रिकन्सिलिएशनपर्यंत, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवण्यापर्यंत, या. मग मी काहीही विचारलं तरी तुम्ही अडणार नाही.

एकाच बाईची तीन नावं

आपल्याकडे लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलंही बदलतं. नोकरी करत होतात तोवर निभावलं. मग मधल्या वर्षांत आधार नव्या नावाने झालं, पॅन जुन्याच नावाने राहिलं, डिग्री माहेरच्या नावाने, आणि पीएफला तिसरंच काहीतरी. घरी असताना कुणी विचारत नाही. जॉइनिंगच्या दिवशी सगळे एकदम विचारतात.

आमच्याकडे एकजण एक तारखेला रुजू झाल्या. पॅन आधारशी जोडलेलंच नव्हतं, म्हणजे निष्क्रिय. जोडायला गेल्या तर नाव जुळेना. पगाराचं खातं उघडेना, पीएफला नाव चढेना. बिचाऱ्या रोज कामाला येत होत्या आणि पगार मात्र अडकलेला. शेवटी दुपारची सुट्टी काढून आधार केंद्राच्या रांगेत उभ्या राहिल्या, तेही नोकरीच्या पहिल्याच महिन्यात.

हे सगळं अर्ज करण्याआधी करा. आधी कोणतं नाव ठेवायचं ते ठरवा. माहेरचंच ठेवलं तरी कायद्याची काही आडकाठी नाही. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे सासूबाईंना बरं वाटावं म्हणून एकदा आणि नंतर पुन्हा मागे, असा खेळ करू नका. आडनाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला चालतो. पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. मी क्रम असा सांगते: आधार, मग पॅन, मग बँक, मग पीएफ. पॅन-आधार लिंक करायचं राहिलं असेल तर हजार रुपये भरा आणि मोकळ्या व्हा. पीएफच्या जुन्या खात्यातलं नाव दुरुस्त करायला सहसा जुन्या मालकाची संमती लागते, म्हणून त्या ऑफिसातला कुणी ओळखीचा अजून तिथे आहे तोवर फोन करा.

आणि पीएफ काढून सोनं घेऊ नका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. आधीची सहा वर्षं खात्यात तशीच असतील तर ती पुढच्या नोकरीला जोडता येतात, मधल्या गॅपने ती बुडत नाहीत. काढून घेतलीत की पुन्हा शून्यापासून.

बाकीच्या, थोडक्यात

"पगार काय, कितीही द्या, चालेल." असं म्हटलं की मालक खरंच कितीही देतो. आकडा ठरवूनच या.

नोकरीसाठी कुणी डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशन फी मागितली की उठून घरी या. घरबसल्या डेटा एंट्रीवाले तर सगळ्यांत आधी.

पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते. विचारायला लाजू नका. सोय नुसती कागदावर आहे का, तेही विचारा.

मूल तापाने फणफणलं तर त्या दिवशी घरी कोण, याचं उत्तर 'बघू' असेल तर अजून अर्ज करू नका. आई, सासूबाई, शेजारच्या काकू, जे कुणी असेल त्यांच्याशी आधी बोला. आणि नोकरी लागायच्या आधीच आठवडाभर मुलांना त्यांच्याकडे ठेवून बघा.

इंटरव्ह्यूत सुट्ट्या किती ते सगळ्या विचारतात, कोणत्या दिवशी सुट्टी मिळणार नाही ते कुणीच विचारत नाही. अकाउंट्समध्ये 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 15 ला पीएफ आणि 20 ला जीएसटीआर-3बी (टॅक्स भरायचं रिटर्न). त्या दिवसांत शाळेची पालकसभा आली तर नवऱ्याला पाठवा.