ओबरलाउझिट्झची तळी आणि माळरानं: कुठे उभं राहायचं, केव्हा जायचं

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधली आपली मंडळी दोन दिवस सुट्टी मिळाली की शहराजवळचे बास्टाईचे खडकाळ सुळके गाठतात. पाहुणे आले की पुन्हा तेच सुळके. पूर्वेच्या गाडीत बसलात तर तासाभरात ओबरलाउझिट्झ या प्रदेशातलं बाउट्झेन शहर येतं, आणि त्याच्या उत्तरेला साडेतीनशेहून अधिक तळ्यांचा एक सपाट, वाळूचा, पाइनच्या रानाचा मुलूख सुरू होतो. 1996 साली युनेस्कोने त्यातल्या सुमारे 300 चौरस किलोमीटरांना बायोस्फिअर रिझर्व्हचा, म्हणजे राखीव जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला. तिथे कसं फिरायचं, ते सांगते.

माझं माहेर साकोलीचं. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांच्या पाळीवरून चालत मोठी झाले, म्हणून इथली तळी मला पहिल्यापासून ओळखीची वाटली. हीसुद्धा माणसांनी बांधलेली आहेत. तेराव्या शतकापासून इथल्या लोकांनी दलदलीची, धान्य न पिकणारी जमीन अडवून तळी केली आणि त्यांत मासे वाढवले. चर्चच्या उपासाच्या दिवसांत मांस चालत नसे, मासा चालत असे. त्यामुळे त्याला गिऱ्हाईक कायम होतं. मासा कोणता? आपल्याकडचे मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच, कार्प. हे आधी ध्यानात घेतलं की पुढे काय पाहायचं ते कळत जातं, कारण पाणी, पक्षी, झाडं, सगळं इथे या मासेमारीच्या वर्षाला बांधलेलं आहे.

पहिल्या दिवशी एकदाच उंचावर जा. ग्रोस राडिश गावाजवळ मोनुमेंटबर्ग नावाची टेकडी आहे. उंची 300 मीटरही नाही, पण भोवती सगळं सपाट असल्यामुळे तेवढी पुरते. पायवाटेवर क्वार्टझाइटचे टणक, फिकट खडक उघडे पडलेले दिसतात. ते झिजले नाहीत म्हणून टेकडी उरली. माथ्यावर मनोरा आहे. वर गेल्यावर उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. ऊन पाठीशी राहतं, त्यामुळे लांबचंही स्वच्छ दिसतं. बॉक्सबर्गच्या वीजकेंद्राची वाफ हीच दिशेची खूण धरायची. रानात चमकणारे पाण्याचे लहान तुकडे म्हणजे तळी. मोठं, अखंड पाणी दिसलं तर तो बेअरवाल्डचा तलाव: लिग्नाइट कोळशाच्या उघड्या खाणीचा खड्डा पाण्याने भरून झालेला, आज इथल्या सॅक्सनी राज्यातला सर्वांत मोठा, सुमारे 13 चौरस किलोमीटरचा. दक्षिणेला वळलात की डोंगर सुरू होतात आणि गोर्लिट्झची लांडेसक्रोनं टेकडी एकटी उठून दिसते. अर्धा तास वर घालवा, नकाशा उघडून पाहा, आणि उतरा. दुसऱ्या उंच जागेच्या शोधात दिवस घालवू नका. या प्रदेशात पाहण्याची खरी जागा म्हणजे तळ्याचा बांध, आणि तिथे तुम्ही पाण्यापेक्षा जेमतेम दोन हात उंच असता.

बांधांसाठी गुटाउची तळी निवडा. शेजारच्या वार्था गावात ‘हाउस डेर टाउझेंड टाइखे’ हे माहितीकेंद्र आहे. आधी तिथे जा. तळ्यातले मासे आत काचेपलीकडे दिसतात, मुलं तिथून हलत नाहीत. पायवाटेचा नकाशाही तिथेच घ्या. पलीकडचा ओल्बा तलाव हासुद्धा जुन्या कोळसाखाणीचा, उन्हाळ्यात पोहायला छान.

बांधावर शिरलात की चाल कमी करा. कडेला जुने ओक आहेत, त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवली आहे. पोकळ खोडांकडे लक्ष ठेवा, तिथे सुतारपक्षी आणि घुबडं असतात. मग तळ्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यात एक उभी चौकट शोधा. तिला इथे ‘म्योंख’ म्हणतात. आत खाचांमध्ये फळ्या एकावर एक बसवलेल्या असतात. एक फळी काढली की तेवढीच पाण्याची पातळी उतरते. जवळ गेलात तर फळ्यांच्या फटींतून झिरपणारं पाणी ऐकू येतं आणि ओल्या लाकडाचा, शेवाळाचा वास येतो. फळीला हात मात्र लावायचा नाही. मासेमाराची तीन वर्षांची मेहनत त्या फळ्यांमागे थांबलेली असते, कारण कार्प विक्रीजोगा व्हायला तीन उन्हाळे लागतात.

मला विचाराल तर यायचा महिना ऑक्टोबर. तेव्हा तळी एकेक करून रिकामी करतात, मासे खोल खड्ड्यात गोळा होतात आणि माणसं रबरी पँट घालून जाळं ओढतात. बऱ्याच ठिकाणी लोकांना हे बघू देतात. त्या आठवड्यात कुठलं तळं आहे ते माहितीकेंद्रात विचारा. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांची पंगत बसते: मोठे बगळे, चिखलपायटे, आणि कधी पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड. मोकळ्या चिखलाच्या मधोमध काळा, जड, न हलणारा गोळा दिसला तर तो दगड समजून पुढे जाऊ नका, दुर्बीण लावा. संध्याकाळी क्रौंच आणि रानहंस मुक्कामाला येतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी बांधाच्या आडोशाला बसा. पाण्याच्या कडेला उभं राहून आकाशावर आपली आकृती उमटू देऊ नका, नाहीतर थवा दुसऱ्या तळ्यावर उतरतो. गोंदियात सारस पाहिलेल्यांना क्रौंच लहान वाटेल, पण त्याचा आवाज ऐकताच नातं पटेल.

एप्रिल-मे हा दुसरा चांगला काळ. तेव्हा डोळ्यांपेक्षा कान वापरा. संध्याकाळी झाडबेडूक किती मोठ्याने ओरडतो! लाल पोटाचा छोटा बेडूक मात्र हलक्या, उदास सुरात साद देतो. जुलैमध्ये बोरू इतका वाढतो की बांधावरून पाणीच दिसत नाही, तेव्हा फक्त तळ्यांसाठी येऊ नका. पाणमांजर इथे भरपूर आहे, पण ते रात्रीचं. ओढ्यावरच्या पुलाखालचे दगड पाहा. खवले आणि काटे असलेली काळपट विष्ठा दिसली की पाणमांजराचा रस्ता सापडला.

माळरानाचं वेळापत्रक वेगळं. हीदर हे माळावरचं ठेंगणं झुडूप ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत फुलतं आणि जमीन जांभळी होते. दाउबानचं रान पूर्वी लष्कराच्या सरावाचं होतं. रणगाड्यांनी झाडं वाढू दिली नाहीत म्हणून तिथे माळ टिकला. अशा जागी खुणेची वाट सोडायची नाही, जमिनीत जुना दारूगोळा असू शकतो. उत्तरेकडच्या मुस्काउ माळाच्या मोठ्या भागात अजूनही सराव चालतो, तिथे प्रवेशच नाही. 2000 साली जर्मनीतल्या रानात लांडग्यांची पिल्लं पुन्हा जन्मली ती त्याच भागात. लांडगा दिसणं अवघड, पण वाळूत माग दिसतो: मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडत गेलेली सरळ रेघ. कुत्र्याचा माग इतका सरळ राहत नाही.

सोबत लहान मुलं किंवा गुडघ्यांनी थकलेले आई-बाबा असतील तर नोख्टनच्या फिंडलिंग्सपार्कमध्ये न्या. हिमयुगात बर्फाने स्कँडिनेव्हियातून ओढून आणलेले हजारो दगड तिथे मांडले आहेत आणि मधोमध हीदर लावलं आहे. सगळं रचलेलं आहे हे खरं, पण बर्फाने केवढं ओझं वाहून आणलं हे हात लावून कळतं. ओल्या माळाच्या कडेला वाकून पाहिलंत तर ड्रोसेरा ही किडे खाणारी इवलीशी वनस्पतीही सापडेल. कासच्या पठारावर तिचा भाऊबंद पाहिला असेल. रेतीवर दुपारचं ऊन फार तापतं. इथल्या सोर्ब या स्लाव्ह अल्पसंख्याक लोकांच्या गोष्टीत एक दुपारची बाई आहे, ती भर बाराला शेतात राबणाऱ्याला गाठते आणि तासभर जवसाविषयी प्रश्न विचारते, उत्तरं संपली की गेलाच तो. बारा ते तीन सावलीत बसा.

जायचं कसं? बाउट्झेनपर्यंत रेल्वे, पुढे सायकल. श्प्रे नदीकाठचा सायकलमार्ग तळ्यांच्या मुलखातूनच जातो, आणि बेडकाची खूण असलेला ‘फ्रोशराडवेग’ तळ्यांना वळसे घालत फिरवतो. पाट्यांवर प्रत्येक गावाची दोन नावं असतात, जर्मन आणि सोर्बियन; बाउट्झेन आणि बुदिशिन एकच. शनिवार-रविवारी खेड्यांतल्या बस फार कमी, म्हणून परतीची वेळ निघायच्या आधी पाहून ठेवा. उन्हाळ्यात जंगलातल्या वणव्याच्या धोक्याची पातळी तपासा. ती 5, म्हणजे सर्वांत जास्त असेल तर रान बंद करू शकतात. गोचिडी भरपूर आहेत आणि हा भाग गोचीडजन्य मेंदूज्वराचा आहे, इथे राहत असाल तर डॉक्टरांना लसीचं विचारा. लांब पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. बहुतेक तळी कुणाच्या तरी उपजीविकेची आहेत: पोहायचं नाही, गळ टाकायचा नाही, कुत्रा पट्ट्यावर.

भूक लागली की खेड्यातल्या खाणावळीत शिरा. शरद ऋतूत ताजा कार्प मिळतो, धुरावलेलाही. काटे आहेत, सावकाश खा. मासे न खाणाऱ्यांनी उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून जवसाचं तेल मागावं. क्वार्क आपल्या चक्क्यासारखा, आणि ते तेल विदर्भातल्या माणसाला परकं वाटणार नाही. मासेमारांच्या छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, खिशात थोडे सुटे युरो ठेवा आणि धुरावलेला मासा घ्यायचा असेल तर दुपारच्या आत पोचा.