अमेरिकन फुटबॉल जागतिक खेळ आहे का? तुलना करायची माझी रीत

फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या तिथल्या लीगचा अंतिम सामना, झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वादाला तोंड फुटतं. न्यू जर्सीतला भाचा लिहितो, याच्याएवढा मोठा खेळ जगात नाही. कोथरूडहून धाकटे दीर उत्तर देतात, घरच्या घरी खेळायचं आणि विश्वविजेते म्हणवून घ्यायचं, याला काय अर्थ आहे? मी शाळेत पीटी शिकवते आणि कबड्डीची पंच आहे. काय कशाशी मोजायचं हे ठरवण्याआधीच दोघेही निकाल देऊन मोकळे होतात, असं मला दिसतं. नववीच्या मुलांकडून मी हीच तुलना वहीत करून घेते. ती रीत इथे देते. एका दुपारचं काम आहे.

आधी खेळ कोणता ते नक्की करा. अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांवरची पॅडं घालून 11 विरुद्ध 11 खेळतात तो टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायचा खेळ. मैदान 120 यार्ड लांब, 53 यार्डांहून थोडं जास्त रुंद. त्याचाच धाकटा भाऊ फ्लॅग फुटबॉल. त्यात 5 विरुद्ध 5, अंगावर पॅड नाही, आणि समोरच्याला पाडायचं नाही, त्याच्या कमरेची पट्टी ओढायची. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये असणार आहे तो हा दुसरा. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं, तिथेच क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस आणि बेसबॉल-सॉफ्टबॉलबरोबर त्यावर शिक्कामोर्तब झालं. या दोन खेळांचे आकडे एका ओळीत कधीही लिहू नका. तुलनेतला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जमलं तर मैदान आखून बघाच. फ्लॅगचं मैदान दोन्ही टोकांचे एंड झोन, म्हणजे गुण मिळवायचे पट्टे, धरून 70 बाय 25 यार्ड, म्हणजे साधारण 64 बाय 23 मीटर. आमच्या शाळेच्या मैदानात ते सरळ मावत नाही, म्हणून आम्ही फक्की घेऊन तिरपं आखलं. पट्ट्यांचे बेल्ट मिळाले. पहिल्याच डावात आमच्या कबड्डी संघातली डावी कोपरारक्षक मुलगी गुडघे वाकवून, हात मोकळे सोडून उभी राहिली. चेंडू घेऊन पळणारी मुलगी खांद्यानं एकीकडे हूल देत होती, पण हिची नजर तिच्या कमरेवरून हलेना. कंबर वळली तशी ही दोन पावलं आत गेली आणि फट् आवाज करत पट्टी हातात आली. कुणी शिकवलं नव्हतं. चढाई करणाऱ्याची कंबर बघायची सवय तिला आधीपासून होती. फ्लॅग हा खेळ नव्या देशांत भराभर का रुजतो, हे मुलांना त्या एका पट्टीनं कळलं. टॅकलला हेल्मेट हवं, पॅडं हवीत, प्रत्येक जागेसाठी वेगळ्या शरीराचा माणूस हवा. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या एका संघात 53 खेळाडू असतात. ऑलिंपिकच्या फ्लॅग संघात 10.

दुसरं म्हणजे, लीग आणि देशांची स्पर्धा वेगवेगळ्या पानांवर लिहा. एनएफएल ही 32 संघांची लीग आहे. तिची तुलना आयपीएलशी, प्रो कबड्डीशी किंवा इंग्लंडच्या प्रीमियर लीगशी करा. फिफा विश्वचषकाशी करू नका. आपल्या शहराचं उदाहरण देते. 2012 च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची टॅकलची लीग निघाली होती, तिच्यात पुणे मराठाज नावाचा संघ होता. पुण्याच्या नावाचा संघ होता म्हणून भारत हा खेळ आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळतो, असं मात्र वहीत लिहिता येणार नाही.

आता देशांच्या पानावर चार रकाने आखा: किती देश आले, कोण जिंकलं, अंतर किती, आणि कोण आलंच नाही. चौथा रकाना लोक विसरतात. माझ्या मते सगळ्यात बोलका तोच.

टॅकलच्या विश्वस्पर्धेपासून सुरू करू. पहिली 1999 मध्ये इटलीतल्या पालेर्मोला झाली. जपाननं मेक्सिकोला 6–0 हरवलं. 2003 मध्ये जर्मनीत पुन्हा जपान, पुन्हा मेक्सिकोवरच, या वेळी 34–14. नुसतं एवढं वाचलं तर जपान या खेळातली महासत्ता वाटेल. चौथ्या रकान्यात लिहा: अमेरिका. दोन्ही वेळा तिनं संघच पाठवला नव्हता. 2007 मध्ये जपानमधल्या कावासाकीत अमेरिका पहिल्यांदा आली आणि जिंकली, पण 23–20, तेही दोन जादा डाव खेळून. 2011 मध्ये ऑस्ट्रियात कॅनडावर 50–7. 2015 मध्ये अमेरिकेतल्या कँटनला जपानवर 59–12. त्या वर्षी देश आले फक्त 7. पुढची स्पर्धा 2019 ची. ती 2023 वर ढकलली आणि 2023 लाही झाली नाही. शिवाय अमेरिकेनं पाठवलेल्या संघांत एनएफएलचे खेळाडू नव्हते, कॉलेजात खेळून बाहेर पडलेली मुलं होती. म्हणजे चौथ्या रकान्यात अमेरिका आली त्या वर्षीसुद्धा काहीतरी लिहावं लागतंच.

अंतराच्या रकान्यात कच्चे गुण लिहून थांबू नका. 50–7 हा कबड्डीचा निकाल असता तर लोणावर लोण झाले असं आपण समजलो असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका टचडाउनला (चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेला की) 6 गुण आणि वरच्या किकचा 1 मिळतो, फील्ड गोलला (लाथेनं चेंडू खांबांमधून मारला की) 3. तेव्हा 23–20 म्हणजे एका किकचा फरक, आणि 50–7 म्हणजे ढोबळमानानं सात टचडाउनना एक. आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या भाषेत 7–1. कबड्डीत 28–25 हे अंतर एका चांगल्या चढाईत भरून निघतं. प्रत्येक खेळाचं अंतर असं 'किती वेळा यश मिळायला हवं होतं' यात मांडलंत की ते शेजारी शेजारी ठेवता येतात.

मग जोड कुणाशी लावायची? सगळे फिफाकडे धावतात. 211 सदस्य असलेल्या संघटनेसमोर कुठलाही खेळ लहानच दिसणार, त्यातून शिकायला काही मिळत नाही. शरीराची झीज बघायची असेल तर रग्बी घ्या. टॅकलसारखाच तोही धडकांचा खेळ, दोन सामन्यांत विश्रांती द्यावी लागते, म्हणून 20 संघांचा 2023 चा विश्वचषक 8 सप्टेंबरपासून 28 ऑक्टोबरपर्यंत चालला. ऑलिंपिकच्या अडीच आठवड्यांत ते बसणं शक्य नाही. रग्बीनं सात जणांचा छोटा खेळ पुढे केला, तो 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि पहिलं पुरुषांचं सुवर्ण फिजीनं नेलं. फ्लॅगची वाट तीच आहे. आणि एक लक्षात ठेवा: रग्बीचे 10 विश्वचषक झाले, जिंकणारे देश चारच. विजेते मोजके आहेत एवढ्यावरून खेळ लहान ठरत नाही.

एकाच देशाची मक्तेदारी बघायची असेल तर मात्र आपल्याला लांब जायला नको. कबड्डी घ्या. 1932 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन फुटबॉलचा प्रदर्शनीय सामना झाला, 1936 मध्ये बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. दोन्ही खेळ ऑलिंपिकच्या दारात एकदा उभे राहून परत आले. 1990 पासून 2014 पर्यंत एशियाडमधली पुरुषांची सातही सुवर्णं भारताची. 2004, 2007 आणि 2016 चे विश्वचषकही भारताचेच, तिन्ही वेळा अंतिम सामन्यात इराण. मग 2018 मध्ये जकार्ता. गटात दक्षिण कोरियानं आपल्याला 24–23 हरवलं, उपांत्य सामन्यात इराणनं 27–18. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनं 27–24 नं सुवर्ण नेलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

तो निकाल मला लागला होता, आणि तरी मी तो मुलांना अभिमानानं सांगते. आपल्या मातीतली विद्या बाहेर गेली, तिथे रुजली आणि आपल्याला भिडायला परत आली. खेळ जगाचा होतो तो असा. पुढे 1 मार्च 2024 ला पुणेरी पलटणनं पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता. अख्ख्या पुण्यानं त्याच्या पकडींना टाळ्या वाजवल्या.

म्हणून वहीत पाचवा रकाना वाढवा: घरच्या संघाला पूर्ण ताकदीनिशी उतरूनही कुणी हरवलं का? टॅकलसमोर तो रकाना कोरा राहतो. फ्लॅगसमोर नाही. 2022 च्या वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांचा जागतिक मेळावा), अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला, मेक्सिकोच्या महिलांनी अमेरिकेला अंतिम सामन्यात 39–6 हरवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारी, होती डायना फ्लोरेस. 2024 च्या विश्वस्पर्धेत अमेरिकेनं 31–18 नं परतफेड केली, 2025 मध्ये चेंगदूच्या वर्ल्ड गेम्समध्ये मेक्सिकोनं पुन्हा सुवर्ण घेतलं. महिलांच्या फ्लॅगमध्ये आज खरी चुरस आहे, आणि अमेरिकन फुटबॉल जागतिक आहे का या प्रश्नाचं माझं उत्तर तिथेच आहे: टॅकल अजून नाही, महिलांचा फ्लॅग नक्की.

क्रिकेटची ओळ लिहिताना सहावा रकाना उपयोगी पडतो: खेळाडू खेळ कुठे शिकले? 6 जून 2024 ला टी-20 विश्वचषकात अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली सौरभ नेत्रावळकरनं, तो क्रिकेट शिकला मुंबईत. विजय अमेरिकेचाच, पण अमेरिकेच्या शाळांत क्रिकेट पोचलं असा निष्कर्ष त्यातून काढू नका.

टीव्हीचे प्रेक्षक, जाहिरातींचे दर, संघांच्या किमती या पानावर घेऊ नका. ते बाजाराचे आकडे आहेत, मैदानाचे नाहीत.

आणि आपल्या खेळाला वेगळी पट्टी लावायची नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी नेपाळला 78–40 आणि पुरुषांनी 54–36 हरवलं, दोन्ही कर्णधार आपल्या मराठी मातीतले, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आनंद व्हावा अशीच गोष्ट आहे. तरी अंतराच्या रकान्यात 38 आणि 18 लिहायचे, एक गडी बाद केला की 2 गुण हे लक्षात घेऊन, आणि पाचवा रकाना कोरा सोडायचा.

2028 साठी एक ओळ आत्ताच आखून ठेवा. फ्लॅगचे पुरुषांचे 6 आणि महिलांचे 6 संघ असतील, आणि एनएफएलच्या संघमालकांनी मे 2025 मध्ये आपल्या खेळाडूंना उतरायची मुभा दिली आहे. पुरुषांच्या ओळीत पहिल्यांदाच चौथा रकाना रिकामा राहण्याची शक्यता आहे. अंतर कसं मोजायचं ते तुम्हाला आता माहीत आहे: फ्लॅगमध्ये फील्ड गोल नसतो, तेव्हा टचडाउन मोजायचे.