लीप झाल्यावर पुढे काय? गर्भपिशवीच्या तोंडाच्या उपचारानंतरच्या तारखा

मी सोलापूर भागातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. गेली अकरा वर्षं माझी ड्युटी कॉल्पोस्कोपीच्या, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगातून तपासतात त्या खोलीत असते. सकाळी डॉक्टरांच्या हाताशी ॲसेटिक ॲसिड आणि आयोडीनच्या वाट्या द्यायच्या, काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून नाव चिकटवायचं. दुपारी रजिस्टर काढून फोनला बसायचं. ज्यांचा लीप झालाय (विजेच्या तारेनं बिघडलेला भाग काढलाय), कोन काढलाय (तोच भाग शंकूसारखा कापलाय) किंवा तोंडाला शेक दिलाय आणि ज्या ठरल्या तारखेला आल्या नाहीत, अशा बायकांची नावं त्या रजिस्टरमध्ये लाल पेनानं गोल केलेली असतात.

फोनवर दहापैकी सात जणी हेच म्हणतात, "सिस्टर, आता काहीच त्रास नाही, मग कशाला यायचं?" त्यांना मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

तुमच्या रिपोर्टवर सीआयएन २, सीआयएन ३ किंवा एचएसआयएल असं लिहिलं असेल, तर तुम्हाला कॅन्सर झालेला नव्हता. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडलेल्या होत्या. तशाच सोडल्या असत्या तर त्यातल्या काहींचा पुढे काही वर्षांत कॅन्सर झाला असता, म्हणून तेवढा भाग काढला किंवा नष्ट केला. पेशी बिघडतात त्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. त्याचे बरेच प्रकार आहेत, पण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के हे १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. लीपच्या तारेनं बिघडलेला भाग निघतो. विषाणू घालवायचं काम मात्र शरीरालाच करावं लागतं. बहुतेकींचं शरीर ते करतं. शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणींमध्ये खराब पेशी मागे राहतात किंवा पुन्हा तयार होतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच सापडतात. तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, अंगावरून काही जात नाही. पहिल्या वेळीही तुम्हाला काही कळलं नव्हतं, तपासणीतच सापडलं होतं ना? दुसऱ्या वेळीही तसंच असतं.

आधी तो कागद घरी आणा

गेल्या श्रावणात चव्वेचाळीस वर्षांच्या एक ताई आल्या. लग्नाच्या बस्त्याची मिळते तशी जाड प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात चार वर्षांचे कागद घड्या घालून ठेवलेले. मी एकेक उलगडून टेबलावर मांडले. पॅपचा (तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन तपासतात, त्याचा) रिपोर्ट होता, बायोप्सीचा होता, लीपचं बिल होतं, औषधांच्या दोन चिठ्ठ्या होत्या. लीपमध्ये काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट तेवढा नव्हता. त्या म्हणाल्या, "सगळं काढलंय, घाबरू नका असं सांगितलं, म्हणून मी परत गेलेच नाही." लीप दुसऱ्या गावात झाला होता. आम्ही तिथल्या लॅबला फोन केला, रिपोर्ट चार वर्षं तिथेच पडून होता. त्यात लिहिलं होतं: सीआयएन ३, एंडोसर्व्हायकल मार्जिन पॉझिटिव्ह.

मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याची कड. कडेपर्यंत खराब पेशी असतील तर तुकड्याच्या पलीकडे, म्हणजे अजून तुमच्या अंगात, काही राहिल्या असू शकतात. एक कड बाहेरच्या बाजूची, एक पिशवीच्या नळीकडची आतली, आणि एक खोलीची. आतली कड पॉझिटिव्ह असेल तर मी जास्त सावध होते, कारण नळीतलं वरून दिसत नाही.

कड पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच दुसरं ऑपरेशन करतातच असं नाही. पुष्कळ जणींच्या बाबतीत डॉक्टर सहा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी करतात आणि नळीतून थोडं खरवडून तपासायला पाठवतात. पण कड पॉझिटिव्ह आहे हे कुणाला माहीतच नसेल, तर ती तारीख देणार कोण? म्हणून लीप किंवा कोन झाला असेल तर तुकड्याचा रिपोर्ट मागून घ्या. "नॉर्मल आहे ना?" एवढं तोंडी विचारून परत येऊ नका. कागद हातात घ्या, त्यात ग्रेड काय आणि तिन्ही कडा कशा आहेत हे डॉक्टरांना बोट ठेवून विचारा. मग त्याचा फोटो काढून मुलीला किंवा बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. कागद पावसात भिजतात, घर बदलताना हरवतात.

शेक दिला असेल, म्हणजे क्रायो (गोठवून) किंवा थर्मल (तापवून), तर तुकडा निघतच नाही. पेशी जागच्या जागी मारलेल्या असतात, त्यामुळे कडेचा रिपोर्टही नसतो. तुम्हाला पुढची तपासणी हाच एक पुरावा आहे.

पहिले चार आठवडे

हे थोडक्यात सांगते, कारण डिस्चार्जच्या वेळी बहुतेक ठिकाणी सांगतात. काही दिवस पाण्यासारखं किंवा तपकिरी जातं. रक्त थांबवायला आम्ही मॉन्सेल नावाची पेस्ट लावतो, ती मोहरीसारखी पिवळट असते आणि बाहेर पडताना कॉफीच्या चोथ्यासारखी काळी दिसते. ते पाहून बायका रात्री घाबरून फोन करतात. ती पेस्टच असते. आठवडा ते दोन आठवड्यांनी खपली पडते, तेव्हा थोडं लाल जाऊ शकतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप आला, घाण वास येत असेल किंवा ओटीपोटात जोरात दुखत असेल तर दिवस मोजत बसू नका, निघून या. साधारण चार आठवडे संबंध नकोत आणि आत काही घालायचं नाही. घागर-हंडे आणि पोती उचलणं टाळा. हे शेवटचं नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर सांगा असं मी डॉक्टरांना मुद्दाम सांगते.

तारखा कोणत्या

वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या तारखा ऐकून गोंधळ होतो. अमेरिकेतल्या २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचारानंतर सहा महिन्यांनी एचपीव्हीवर आधारित टेस्ट (तोंडावरच्या नमुन्यात हा विषाणू आहे का ते बघतात), मग दर वर्षी, सलग तीन निगेटिव्ह येईपर्यंत. त्यानंतर दर तीन वर्षांनी, निदान २५ वर्षं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत १२ महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट आहे, आणि तुकड्यात सीआयएन २ किंवा ३ निघालं असेल तर २४ महिन्यांनी पुन्हा. तुमचे डॉक्टर यातलं काय पाळतात ते विचारा आणि तेच धरून चला. सहा महिन्यांच्या आत मात्र घाईनं टेस्ट करू नका. जखम भरत असते, विषाणू जायला वेळ लागतो, आणि उगाच पॉझिटिव्ह येऊन झोप उडते.

२५ वर्षं ऐकून फोनवर शांतता पसरते. पण सीआयएन ३ वर उपचार झालेल्या बायकांना इतरांपेक्षा पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट असतो आणि तो वीस-पंचवीस वर्षं राहतो, हे स्वीडनमधल्या बायकांच्या नोंदींवरून कळलेलं आहे. पाळी गेली, साठी उलटली, तरी तुमची तारीख संपत नाही. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर तपासण्या जास्त वेळा लागतात. रिपोर्टवर ॲडेनोकार्सिनोमा इन सिटू असं लिहिलं असेल तर तो ग्रंथींमधला बिघाड आहे, त्याचं वेळापत्रक वेगळं आणि कडक असतं.

टेस्ट कोणती, तर पैसे एकाच टेस्टपुरते असतील तर माझं मत एचपीव्हीचं. मागे काही राहिलंय का हे पॅपपेक्षा तिच्यात जास्त खात्रीनं कळतं. आमच्या भागाला ही टेस्ट नवी नाही. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन बार्शीच्या आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास केला. माझी मावशी त्यातली एक. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही टेस्ट झाली, तिथे या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. नुसती पॅप किंवा नुसती व्हिनेगर लावून बघण्याची तपासणी झाली तिथे तसा ठळक फरक दिसला नाही. तो अभ्यास पहिल्या तपासणीचा होता, उपचारानंतरचा नव्हता, पण टेस्टची ताकद त्यातून कळते. उपचार झालेल्या बाईनं नुसत्या व्हिनेगरच्या तपासणीवर समाधान मानू नये असं मला वाटतं, कारण लीपनंतर पेशी बदलण्याची जागा बऱ्याचदा नळीत आत सरकते आणि वरून सगळं गुलाबी, स्वच्छ दिसतं.

टेस्टला येण्याआधी दोन दिवस संबंध नकोत, आतल्या गोळ्या-क्रीम नकोत, आतून धुणं नको. पाळीचे दिवस सोडून या.

तारीख चुकते ती का

रजिस्टरमध्ये मला दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिलं कारण ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या चैत्राकडे परततात. मधल्या काळात पडलेली तारीख हमखास बुडते. म्हणून मी आता कॅलेंडर बघून नुसता आकडा लिहीत नाही. पाडव्याच्या आसपास लीप झाला तर सहा महिने दसऱ्याच्या आसपास भरतात, तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरात लिहिते, "टोळी निघायच्या आधी". दसऱ्याच्या वेळी झाला असेल तर "गावी आल्याबरोबर". तुम्हीही डॉक्टरांना आधीच सांगा की अमुक महिने मी इथे नाही. तारीख चार आठवडे मागेपुढे केलेली चालते. वर्षभर पुढे ढकललेली चालत नाही.

दुसरं कारण फोन. केस पेपरवर नंबर असतो नवऱ्याचा किंवा मुलाचा. मी फोन लावते, पलीकडे पुरुषाचा आवाज येतो, आणि बाईनं घरी काहीच सांगितलेलं नसतं. मला "पुन्हा करते" म्हणून ठेवावा लागतो. तुमचा स्वतःचा फोन नसेल तर जिच्यावर विश्वास आहे अशा जावेचा, मैत्रिणीचा, गावातल्या आशाताईंचा नंबर द्या, आणि तिला सांगून ठेवा की दवाखान्यातून फोन येईल.

घरी न सांगण्यामागे भीती असते, ती मला समजते. म्हणून हे स्पष्ट लिहिते. एचपीव्ही संबंधातून येतो हे खरं, पण तो अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज पॉझिटिव्ह आला म्हणजे तो आत्ता आला असं नाही, आणि कुणाकडून आला हे कोणतीही टेस्ट सांगत नाही. त्यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेऊ नका. निरोध वापरल्यानं पुन्हा पुन्हा संसर्ग होणं कमी होतं. सिगारेट-बिडी ओढत असाल तर बंद करा, तिच्यामुळे विषाणू टिकून राहतो.

पॉझिटिव्ह आला तर

पाय गळून जातात, मी रोज बघते. पण उपचारानंतर एचपीव्ही पॉझिटिव्ह येणं म्हणजे कॅन्सर नाही. खराब पेशी परत आल्याच आहेत असंही नाही. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी. शंका वाटली तर तुकडा घेतात. पुन्हा सीआयएन २-३ निघालं तर पुन्हा तेवढाच भाग काढता येतो. लगेच पिशवी काढायची तयारी करू नका. आणि ज्यांची पिशवी याच कारणासाठी काढली आहे त्यांनीही थांबायचं नाही. वरच्या टाक्यांच्या जागेतून नमुना घेतात, त्याला व्हॉल्ट स्मिअर म्हणतात.

पुढे मूल हवं असेल तर गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत लीप झाल्याचं सांगा. जास्त खोल भाग काढला असेल तर दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून सोनोग्राफीत तोंडाची लांबी मोजतात. एचपीव्हीच्या लसीबद्दलही विचारतात. लस आधीच अंगात असलेला विषाणू काढत नाही. उपचारानंतर तुम्ही घ्यावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर तिच्यासाठी जरूर घ्या. जानेवारी २०२३ पासून पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही लस आपल्याकडे आली आहे.

एक सांगायचं राहिलं. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, पाळी गेल्यावर जाणं, यासाठी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

श्रावणातल्या त्या ताईंची एचपीव्ही पॉझिटिव्ह आली. नळीच्या आत पुन्हा सीआयएन ३ निघालं. कॅन्सर नव्हता. दुसऱ्यांदा कोन काढला, या वेळी तिन्ही कडा स्वच्छ आल्या. रिपोर्ट घ्यायला त्या स्वतः आल्या, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून मला वाचायला लावलं आणि कागद त्याच बस्त्याच्या पिशवीत घातला. त्यांची सहा महिन्यांची टेस्ट निगेटिव्ह आहे. पुढची तारीख रजिस्टरमध्ये आहे, नंबर जावेचा आहे.

तुम्ही याल तेव्हा केस पेपरच्या खिडकीवर नुसतं "पांढरं जातं" किंवा "तपासायचंय" म्हणू नका, तुम्हाला नेहमीच्या रांगेत बसवतील. "माझा लीप झालाय, सीआयएन ३ होतं, फॉलोअपची एचपीव्ही टेस्ट करायची आहे," एवढं म्हणा आणि रिपोर्टचा फोटो दाखवा.